बंदूकवाले बिऱ्हाड



इमारतीत नवे बिऱ्हाड येणार म्हटले की आधी चौकशा सुरू होतात. गाव कुठले, माणसे किती, कर्ता माणूस कुठे कामाला, पोरे किती शिकली, पाण्याच्या टाकीवर भार किती पडणार. जानेवारीत आमच्या समोरच्या दारात जे बिऱ्हाड आले, त्यांच्याविषयी चौकशी करायला कुणाला वेळच मिळाला नाही. टेम्पोतून गाद्या, लोखंडी कपाट, बाबासाहेबांची मोठी तसबीर असे एकेक उतरले. सगळ्यात शेवटी साठीच्या एका ताठ माणसाने कॅनव्हासच्या पिशवीतली लांबट वस्तू स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि तीन जिने चढून वर नेली. हमालाने हात पुढे केला, तर त्याला नुसत्या मानेने नाही म्हटले. तळमजल्यावरच्या पोरांनी वस्तू काय ते ओळखले आणि संध्याकाळचा चहा व्हायच्या आत सगळ्या मजल्यांवर त्या कुटुंबाचे नाव ठरून गेले : बंदूकवाले.

आम्ही राहतो ते पुण्याच्या उत्तर अंगाला, खडकीच्या पलीकडे. या भागात दारूगोळा कारखाना, लष्कराचे डेपो, छावणीची हद्द हे सगळे हाकेच्या अंतरावर. आपल्या समाजातली कितीतरी घरे या कारखान्यांच्या पगारावर उभी राहिली. एवढे असूनही शेजारच्या घरात खरोखरची बंदूक आहे म्हटल्यावर माणसे बिचकली. सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने तिसऱ्याच दिवशी आमच्याकडे दोन तक्रारी आल्या. एक होती पहिल्या मजल्यावरच्या ताईंची. त्यांची नातवंडे दिवसभर जिन्यात खेळतात, तेव्हा त्यांची काळजी रास्तच. दुसरी तक्रार विहारात नियमाने येणाऱ्या एका गृहस्थांची. त्यांचे म्हणणे असे की, पंचशील घेणाऱ्याच्या घरात बंदूक कशाला? पहिले शील कोणते ते त्यांना आम्ही सांगावे काय?

आमची त्यावेळची भूमिका साधी होती. माणूस पाहिल्याशिवाय ठराव करायचा नाही. सेक्रेटरी म्हणून जाण्याऐवजी शेजारी म्हणून जावे, असे सौ.ने सुचवले. तिने तिळाच्या वड्यांचा डबा घेतला आणि रविवारी सकाळी आम्ही दोघे समोरच्या दारात जाऊन उभे राहिलो.

गृहस्थ निघाले महार रेजिमेंटचे निवृत्त हवालदार. १९८४ साली भरती, २००८ साली पेन्शन. मधल्या चोवीस वर्षांत काश्मीर, पंजाब आणि शांतिसेनेबरोबर श्रीलंका. पेन्शनीनंतर एका सहकारी बँकेच्या दारात सुरक्षारक्षक. बंदूक त्या नोकरीची. आपल्यापैकी पुष्कळांना हे ठाऊक असेल की, ज्याची स्वतःची परवान्याची बंदूक आहे त्या रखवालदाराला एजन्सी 'गनमन' म्हणून घेते आणि नुसती काठी घेऊन उभ्या राहणाऱ्यापेक्षा त्याला पगार बरा देते. शिंप्याचे मशीन असते, रिक्षावाल्याची रिक्षा असते, तशी ही माजी सैनिकाची दुनळी. विकत घेतानाही त्यांनी पेन्शनच्या पैशातूनच घेतली.

आम्ही काही विचारायच्या आत हवालदारसाहेबांनी कपाटातून परवान्याचे पुस्तक काढून पुढे ठेवले. "सेक्रेटरीसाहेब, आधी हे बघा, मग चहा घ्या." पुस्तकात फोटो, बंदुकीचा नंबर, किती काडतुसे बाळगता येतील त्याचा आकडा आणि तो अलीकडचा युनिक नंबर. पत्ता बदलल्याचा अर्ज त्यांनी सामान हलवायच्या आधीच देऊन ठेवला होता, त्याची पोच पुस्तकातच घडी करून ठेवलेली. बंदूक कुठे आहे असे सौ.ने दबक्या आवाजात विचारले. त्यावर काकू, म्हणजे हवालदारीणबाई, हसल्या. "कपाटात आहे, पण तुकड्यात. नळी एकीकडे, दस्ता एकीकडे. काडतुसं तर तिसऱ्याच पेटीत. किल्ली यांच्या करगोट्याला. मला सोळा वर्षांत एकदा हातात दिली नाही."

आता आमचा स्वतःचा धागा सांगायला हवा, नाहीतर ही ओळख एवढी लवकर का जमली ते कळणार नाही. बी.कॉम.ला असताना आम्ही एनसीसीत होतो. कँपमध्ये पॉइंट टू टू रायफल मिळायची. पंचवीस मीटरवर टार्गेट, पोटावर झोपून पाच गोळ्या. शिकवायला लष्करातले उस्ताद असत. बाकीचे कॅडेट कँपच्या पुरी-भाजीसाठी येत आणि आम्ही त्या पाच गोळ्यांसाठी. कारकुनीच्या वीस वर्षांत तो नाद कुणाला सांगण्याचा प्रसंग आला नाही, पण वर्तमानपत्रातली नेमबाजीची बातमी आम्ही कधी चुकवली नाही. हवालदारसाहेबांना हे सांगितले मात्र, त्यांनी बसल्या जागी एकदम हुकूम दिला, "जाँच शस्त्र!" आणि आमचे हात नकळत हवेत बोल्ट मागे ओढल्यासारखे हलले. काकू आणि सौ. एकमेकींकडे बघतच राहिल्या. गोळीबारानंतर रिकामी खोकी मोजून परत द्यायची, एक जरी कमी भरले तरी सगळी तुकडी गवतात वाकून शोधत बसायची, ही आठवण दोघांची एकच निघाली. त्यांची चोवीस वर्षांची आणि आमची तीन कँपांची, एवढाच फरक.

त्यांनी प्रथम हाताळली ती एसएलआर, ७.६२ मिलिमीटरची. मॅगझिनमध्ये वीस गोळ्या, आणि खांद्याला असा दणका की नवा रंगरूट रात्री कुशीवर झोपू शकत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ५.५६ ची इन्सास आली, ती हलकी. तरी म्हाताऱ्याचे मन एसएलआरवरच. "इन्सास चांगली होती हो, पण पहिली बायको ती पहिली बायको," असे म्हणून त्यांनी काकूंकडे पाहिले आणि आमच्या सौ.ने तोंडाला पदर लावला.

हवालदारसाहेब आणि आमच्या इमारतीतले तात्या यांची गाठ आम्ही घालून दिली. सारे लिहिण्याजोगे आहे ते इथे. तात्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी ३९ वर्षे काढली आणि २०१३ साली निवृत्त झाले. हा कारखाना १८६९ चा. इंग्रजांच्या जिभेला खडकी वळेना, त्यांनी तिचे किर्की केले. म्हणून तिथल्या गोळीच्या पितळी बुडावर इंग्रजीत के आणि एफ ही दोन अक्षरे उठवलेली असतात, किर्की फॅक्टरी. २०२१ च्या ऑक्टोबरात ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या केल्या, त्यात खडकी म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे गेली. बोर्ड मोडू नये म्हणून कामगारांनी किती निदर्शने केली ते तात्या अजून तारीखवार सांगतात. पण तो वेगळा विषय.

तात्या तपासणी विभागात होते. पितळेच्या चकतीची आधी वाटी करतात, ती वाटी साच्यातून टप्प्याटप्प्याने ओढत लांब करतात, मधून मधून भट्टीत तापवून नरम करतात, नाहीतर पितळ चिरते. मग तिच्या बुडात टोपी, पोटात दारू, तोंडात गोळी. दारूच्या खात्यात जाताना काडेपेटी तर नाहीच, पण ठिणगी उडेल असे साधे लोखंडी हत्यारही आत नाही. तात्यांच्या हातात असायचा गेज. गोळी गेजमध्ये बसली तर पुढे, अडली तर बाजूला. दिवसभर तेच. भोंगा झाला की घरी. ३९ वर्षांत हातांखालून किती गेल्या याचा हिशेब त्यांच्याकडे नाही. मात्र त्यातली गोळी झाडणारा माणूस त्यांना कधी भेटला नव्हता.

दोघांची भेट आमच्याच घरी झाली. सुरुवातीला गावकी, भावकी, कुणाचा मेहुणा कुणाच्या गावचा, हे रीतीप्रमाणे झाले. मग तात्यांनी चहाची बशी खाली ठेवून विचारले, "एक विचारतो, राग मानू नका. आमचा राउंड कधी फुसका गेला का हो?"

हवालदारसाहेब थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रायफल रुकते तात्या. कधी वाळू जाते, कधी गॅसचं काही होतं, कधी मॅगझिनची स्प्रिंग. त्यासाठी कवायत असते, अंधारातसुद्धा हात आपोआप चालतात. पण टोपीवर ठोका पडला आणि गोळी सुटली नाही, असं लंकेत माझ्या हातात एकदाही झालं नाही. झालं असतं तर आज इथं बसलो नसतो. खोकी गोळा करताना बुडावरचं के एफ वाचायचो. पुण्याची आहे म्हणून बरं वाटायचं. माणूस कोण ते काय माहीत!"

तात्यांनी चष्मा काढून पुसला. नंतर बराच वेळ ते गेजच कसा धरायचा ते हवालदारसाहेबांना दाखवत बसले, हातात काही नसताना. जेवायची वेळ टळून गेली तरी कुणी उठेना. आमच्या सौ.ने शेवटी दोघांची पाने इथेच वाढली.

तेव्हापासून आमच्या गच्चीवर संध्याकाळी तिघांची बैठक असते. तात्यांनी एकदा विचारले, "बारा बोअर म्हणतात, ते बारा कसले?" असे विचारून तेच उत्तर देतात ही त्यांची सवय. एक पौंड शिसे घ्यायचे, त्याच्या सारख्या बारा गोळ्या ओतायच्या. त्यातली एक गोळी जिच्यात बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. सोळा बोअरला सोळा गोळ्या, म्हणून आकडा वाढला की नळी बारीक. आम्ही इतकी वर्षे उलटे समजणारी माणसे पाहिली आहेत. अशा गप्पा ऐकायला आता पोरेही येऊन बसतात आणि सिनेमात एका हाताने दोन पिस्तुले चालवणाऱ्या नटाची ही म्हातारी मंडळी कशी टर उडवतात ते ऐकून खिदळतात.

शीलाचा प्रश्न काढणाऱ्या गृहस्थांनाही आम्ही एका संध्याकाळी बोलावले. वाद झाला, गोडीने झाला. हवालदारसाहेब त्यांना म्हणाले, "दादा, जी बंदूक घेऊन मी सोळा वर्षं बँकेच्या दारात उभा होतो, तिच्यातून माणसाच्या दिशेनं एकही बार काढला नाही. तुम्ही रोज मुंग्यांची पावडर टाकता." गृहस्थ हसले, पण मान्य केले नाही. आमचे मत विचाराल तर बंदूक घरात असणे ही गोष्ट आम्हाला स्वतःला नको वाटते. तिच्याविषयी जाणून घेणे निराळे आणि ती उशाशी ठेवणे निराळे. पण पोटासाठी ती ज्याला ठेवावी लागली, त्याला पहिल्या शीलाचा दाखला देणे आम्हाला पटत नाही.

आपल्या लोकांचे आणि बंदुकीचे नाते कसे तुटले आणि कसे जुळले, हेही या निमित्ताने पोरांना सांगावे लागले. कंपनी सरकारच्या फौजेत महार शिपाई होते. १८९० च्या दशकात इंग्रजांनी ही भरती बंद केली. तेव्हा निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली अर्ज लिहिला, पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ महार ही पलटण उभी केली आणि युद्ध सरताच मोडली. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. पुढे ती मशीनगन रेजिमेंट झाली, म्हणून तिच्या चिन्हात आजही दोन व्हिकर्स मशीनगन एकमेकींवर फुली करून असतात. सुभेदार रामजींच्या मुलाने ही दारे उघडावीत म्हणून काय खटपट केली ते आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पोरांना आम्ही एवढेच सांगितले की, खांद्यावरची बंदूक आपल्याला अर्ज लिहून लिहून मिळाली आहे.

सांगण्याचे कारण तसेच घडले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मंडळाची चार-पाच मुले हवालदारसाहेबांकडे गेली. "काका, यंदा जयंतीच्या मिरवणुकीत आपली दुनळी घेऊन पुढे चला. चौकात दोन बार काढा, बघू द्या सगळ्यांना." मुले वाईट नाहीत. रक्तदानाला तीच धावतात, विहाराला रंग त्यांनीच लावला. पण डीजे, कमानी, ड्रोन झाल्यावर आता आणखी काय, अशा शोधात होती. हवालदारसाहेबांनी त्यांना घरात घेतले, पाणी दिले आणि मग उभे करून फैलावर घेतले ते जिन्यापर्यंत ऐकू आले.

"वर मारलेली गोळी वरच राहते काय रे? ती खाली येते. गॅलरीत कुणाची आई मिरवणूक बघत उभी असते. आणि माझा परवाना हा बँकेच्या कामाचा. तो काय ताशा आहे गळ्यात अडकवून वाजवायला?"

कायद्याची बाजू आम्ही सांगितली. २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात आनंदाच्या भरात हवेत केलेला बेफाम गोळीबार हा स्वतंत्र गुन्हा ठरवला आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लग्नाची वरात असो, मिरवणूक असो, देवळाची यात्रा असो. त्याच दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणाऱ्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. मुलांपैकी एकजण पुटपुटला की, उत्तरेकडे तर सर्रास चालते. तात्या म्हणाले, "म्हणून तर कायदा करावा लागला बाबा." जयंतीला हवालदारसाहेब आले. अंगात कोट, छातीवर मेडल, हात मोकळे. चौकात उभे राहून त्यांनी बाबासाहेबांना सॅल्यूट केला, तेव्हा डीजेवाल्याने आपणहून आवाज बंद केला.

इथवर सगळे गोडच झाले. पण बंदुकीचा घोर बाहेर नव्हता, घरातच होता, तो आम्हाला पुढे कळला.

वयाची साठ झाल्याने एजन्सीने मेमध्ये हवालदारसाहेबांचे काम थांबवले. त्याच सुमारास चाकणच्या कंपनीत कंत्राटावर असलेल्या त्यांच्या मुलाचे कंत्राट संपले. सात महिने भरले की ब्रेक, हे आपल्या घराघरांतले दुखणे. एजन्सीचा सुपरवायझर मुलाला म्हणाला, वडिलांची बंदूक तुझ्या नावावर करून आण, उद्यापासून गनमन. मुलाने हट्ट धरला. नियम असा आहे की, परवानाधारक हयात असताना वारसाच्या नावावर शस्त्र करायचे तर धारकाचे वय सत्तर पूर्ण हवे, नाहीतर शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षे असायला हवे. २०१६ च्या नियमात हे आहे, आणि त्यातही वारसाने स्वतः पात्र ठरून नवा परवाना मिळवायचा असतो. हवालदारसाहेबांना सत्तरीला दहा वर्षे, बंदुकीला सोळाच झालेली. म्हणजे वाट तूर्त बंद. मुलगा म्हणाला, मग मी नवा अर्ज करतो, तुम्ही सही-शिफारस आणा, साहेब लोक तुमच्या ओळखीचे आहेत.

हवालदारसाहेबांनी नाही म्हटले. का, ते मुलाला सांगेनात. आम्हाला गच्चीवर एकटे गाठून सांगितले. "भाऊ, सोळा वर्षं मी काचेच्या दाराच्या बाहेर उभा राहिलो. आत पंखे, बाहेर मी. लोक माझ्याकडे बघत नव्हते, बंदुकीकडे बघत होते. मी लढाई बघून आलेला माणूस, मला चाललं. माझ्या पोरानं आयटीआय केलंय, फिटर आहे तो. त्यानं दारात का उभं राहावं?" आणि थोडे थांबून, "हल्ली तो संध्याकाळी घेऊन येतो थोडी. तुम्हाला वास आला असेल."

आला होता. काकूंनी सौ.पाशी याच्या आधीच मन मोकळे केले होते. रात्री मुलाचा आणि सुनेचा आवाज चढला की त्या कपाटाला पाठ लावून बसतात, हे त्यांनी सांगितले तेव्हा सौ.ला रात्रभर झोप आली नाही. किल्ली करगोट्याला आहे हे खरे, पण करगोट्याचा माणूसही झोपतोच की. दारू आणि दारूगोळा एका छपराखाली नको, हे खडकीच्या कारखान्यातल्या साध्या कामगारालाही कळते, असे तात्या म्हणाले.

काय करता येईल, याचा शोध आम्ही सेक्रेटरीच्या नात्याने नव्हे, शेजारी म्हणून घेतला. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतात, हे पुष्कळांना ठाऊक असते. २०२४ साली लोकसभेला आणि विधानसभेला दोन्ही वेळा बँकेच्या पत्रावर हवालदारसाहेबांना सूट मिळाली होती. पण निवडणूक नसतानाही परवानाधारक आपले शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे सुरक्षित ठेव म्हणून देऊ शकतो. पावती मिळते, परवाना शाबूत राहतो. विक्रेता महिन्याचे भाडे घेतो, ते दारूच्या एका बाटलीपेक्षा जास्त नसते. विकायचीच तर पोलिसांना लेखी कळवून, मुदत संपेपर्यंत थांबून मग विकावी लागते. जुन्या दुनळीला किंमत फारशी येत नाही. हवालदारसाहेबांनी विचार करायला आठ दिवस घेतले. नवव्या दिवशी सकाळी ती कॅनव्हासची पिशवी पुन्हा खांद्यावर घेऊन ते जिना उतरले, सोबत आम्ही. काडतुसांची पेटी वेगळ्या पिशवीत. दुकानात नंबर जुळवला, नळीतून उजेड पाहिला, पावती फाटली. येताना रिक्षात ते खांदा चोळत होते. घरी आल्यावर काकूंनी कपाटाचा तो कप्पा पुसून त्यात गोधड्या रचल्या.

मुलगा आठ दिवस बोलला नाही. आता बोलतो. पिंपरीत एका वर्कशॉपमध्ये त्याला तात्यांच्या ओळखीने लावले आहे. पक्के नाही, दारूही पूर्ण सुटलेली नाही. पाहू.

आता त्यांच्या नातीविषयी. आठवीतली मुलगी, शाळेतून दहा मीटर एअर रायफल शिकते. आमची मुलगी तिच्याच वर्गात असल्याने तीही मागे लागली. म्हणून एका शनिवारी आम्ही सगळे बालेवाडीच्या रेंजवर गेलो. दहा मीटर ऐकून हवालदारसाहेब हसले होते. "तीनशे मीटरवर मारलेला माणूस मी. दहा मीटरवर तर चप्पल फेकून मारीन." तिथे गेल्यावर टार्गेट पाहिले. सगळ्या वर्तुळांचे मिळून टार्गेट साडेचार सेंटिमीटरचे, आणि मधला दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर. पेनाने टेकवलेले टिंब समजा. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. मोठ्यांच्या स्पर्धेत असे साठ नेम, सव्वा तासात, उभ्याने, साडेपाच किलोपर्यंतची रायफल धरून. म्हातारा काचेपाशी पाऊण तास उभा होता. मुली श्वास कुठे धरतात, गाल दस्त्यावर कसा टेकवतात, बोट घोड्यावर कसे नुसते वजन देते, ते पाहत. परतताना म्हणाला, "उस्तादनं आम्हाला हेच सांगितलं होतं. आम्हाला कळलं नव्हतं."

नातीच्या वहीत स्वप्नील कुसाळे याचा पेपरात आलेला फोटो आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा, वडील शिक्षक, स्वतः मध्य रेल्वेत तिकीट तपासणीस म्हणून लागलेला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये त्याने ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले. या प्रकारात भारताचे ते पहिलेच ऑलिंपिक पदक. गुडघ्यावर, पोटावर आणि उभ्याने असे तिन्ही नेम. तो तयार झाला सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून. अंजली भागवत एनसीसीच्या रेंजवरून आल्या. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतले, दोघी कोल्हापूरच्या. म्हणजे वाट आहे. पण खेळ महाग, यात दुमत नाही. स्पर्धेची परदेशी एअर रायफल दीड-दोन लाखांच्या पुढे जाते. म्हणून आपल्यासारख्यांनी शाळा, एनसीसी, क्रीडा प्रबोधिनी आणि क्लबची रायफल याच दारांनी जावे. खेळाच्या साध्या एअर रायफलला परवाना लागत नाही. वीस ज्यूलपेक्षा जोर जास्त किंवा नळी पॉइंट वन सेव्हन सेव्हनपेक्षा मोठी असेल तर लागतो. मात्र परवाना नाही म्हणून ती गल्लीत आणून कबुतरांवर चालवायची नाही, हे आमच्या मुलीला आम्ही बजावून ठेवले आहे.

रायफल क्लबची मिळाली, पण जाकीट प्रत्येकाचे स्वतःचे लागते. कॅनव्हास आणि चामड्याचे, पाठ सरळ धरून ठेवणारे. नवे घेणे दोन्ही घरांना परवडणारे नव्हते. कोचने एका मोठ्या मुलीचे जुने मिळवून दिले, दोन्ही मुली आळीपाळीने तेच घालतात. बाह्या चार बोटे लांब होत्या. सौ.च्या शिलाई मशीनची सुई त्या कापडात पहिल्याच टाक्याला मोडली. मग काकू ते घेऊन खडकी बाजारात ताडपत्री शिवणाऱ्याकडे गेल्या आणि समोर बसून बाह्या कमी करून आणल्या. त्याने शंभर रुपये घेतले. स्पर्धेआधी जाकिटाची जाडी आणि ताठपणा यंत्राने मोजतात, जास्त ताठ असेल तर बाद करतात. शिवण दुहेरी पडल्यामुळे तिथे काय होते ही सगळ्यांना धास्ती होती. गेल्या रविवारी शालेय स्पर्धेत ते मोजले आणि पास झाले. समोरची नात अकरावी आली, आमची सव्वीसावी.